केंद्रातल्या एका मुलाची आई

२ फेब्रुवारी

मावशी,

पोचले. गाडी वेळेवर होती, खोली होती तशीच होती, खिडकीतलं रोपटं तेवढं मान टाकून बसलं होतं. दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले. प्रयोगशाळेत सगळ्यांनी हळू आवाजात चौकशी केली आणि दुपारपर्यंत सगळं पुन्हा नेहमीसारखं सुरू झालं. रक्ताच्या नळ्या कोणासाठी थांबत नाहीत.

फोनच करणार होते. पण तुझ्याशी फोनवर बोलायचं म्हणजे मी विचारणार, दादा जेवला का, आणि तू सांगणार, हो, पाऊस थांबलाय. तेव्हा पत्रच बरं.

दादा कसा आहे? मी निघाले तेव्हा त्याने माझी बॅग खालपर्यंत आणून दिली आणि "नीट जा" म्हणाला, जसं काही मी कोपऱ्यावरच्या दुकानात निघाले होते. रडला नाही. आईला नेलं तेव्हाही रडला नाही. तो लहान असतानाच डॉक्टरांनी सांगितलं होतं, ह्याची समज सात-आठ वर्षांच्या मुलापुढे जाणार नाही. आता चाळिशी ओलांडली त्याने. अशा माणसाला आई गेली हे कसं समजावतात, मला माहीत नाही. तू त्याला तुझ्याकडे घेऊन गेलीस म्हणून मी इथे श्वास घेते आहे. थोडी सवड दे. इकडची व्यवस्था लावते आणि त्याला घेऊन येते.

आणखी एक. शाळेच्या मोठ्या बाईंचं पत्र आलंय. एप्रिलच्या शेवटी, सुट्टी लागायच्या आधी, आईच्या आठवणींची सभा ठेवताहेत. "मुलगी म्हणून आपण चार शब्द बोलावेत." मावशी, कुठले चार शब्द? आईने उभा जन्म पहिलीचा वर्ग शिकवला. शाळा सुटली की त्याच शाळेच्या मागच्या खोलीत दादासारख्या मोठ्या मुलांचं केंद्र, तेही बिनपगारी; निवृत्तीनंतर तर दिवसभर तेच. रविवारी त्या मुलांच्या आईबापांना भेटायला घरोघर. त्या सगळ्यांकडे तिच्या आठवणी असतील. माझ्याकडे आठवणी आहेत त्या ती घरी नसल्याच्या. वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं तेव्हा टाळ्या वाजवायला तू होतीस. ताप चढला तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवायला तू होतीस. हे सांगू का सभेत?

तूच काहीतरी लिहून पाठव. मी वाचून दाखवीन.

तुझी
ठमी


१४ फेब्रुवारी

ठमे,

पत्र मिळालं. पाऊस थांबलाय वाचून हसले. काय करणार, एक कान कधीचा संपावर गेला आहे आणि दुसरा त्याला पाठिंबा द्यायच्या बेतात आहे.

राजा बरा आहे. जेवतो, झोपतो, केंद्रात जातो. काळजी करू नकोस.

आता तुझ्या भाषणाचं. ताईची नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट सांगते, तुझा जन्मही झाला नव्हता. तिच्या वर्गात एक मुलगी होती, शब्द म्हणून बोलायची नाही. कोणी म्हणे बहिरी आहे, कोणी म्हणे हट्टी आहे. ताईने तिला खडू वाटायचं काम दिलं. रोज ती मुलगी सगळ्यांना एकेक रंगीत खडू द्यायची, शेवटचा स्वतः घ्यायची आणि मान खाली घालून पाटीवर रेघोट्या मारत बसायची. असे कित्येक महिने गेले. एक दिवस ताईने डब्यातून मुद्दाम एक खडू कमी ठेवला. मुलीने वाटले, डब्यात पाहिलं, उलटा करून पाहिला. आणि म्हणाली, "मला नाही मिळाला."

ताईने काय करावं? काही नाही. खिशातला खडू काढून तिच्या हातावर ठेवला आणि पुढचा धडा सुरू केला. घरी आल्यावर मात्र माझ्या शिलाई मशीनशेजारी बसून हमसून हमसून रडली. मी म्हटलं, अगं, पोरगी बोलली, तिला शाबासकी तरी द्यायचीस. तर म्हणते, "कौतुक केलं असतं तर बावरून पुन्हा गप्प झाली असती. गरज पडली की माणूस बोलतो. आपण फक्त गरज पडू द्यायची. तेच अवघड असतं."

हे सांग सभेत. आणि केंद्राचं सांग. राजा सोळा वर्षांचा झाला आणि त्याच्या त्या खास शाळेने हात वर केले. आता ह्याला घरी बसवा म्हणाले. ताईने मोठ्या बाईंकडून मोडकी बाकं टाकायची खोली मागून घेतली. मी तिला झाडायला मदत केली, म्हणून सांगते, त्या खोलीत उंदरांच्या तीन पिढ्या सुखाने नांदत होत्या. सुरुवातीला चार मुलं आणि त्यांच्या चार आया. चपलांच्या दुकानाची पुठ्ठ्याची खोकी घडी करून द्यायची. पहिल्या दिवशी झालेली सगळी खोकी वाकडी. ताई दुकानदाराला म्हणाली, "चपला काय सरळ असतात? एक डावी, एक उजवी." तो हसला आणि काम कायमचं मिळालं.

आता जे सभेत सांगायचं नाही ते तुला सांगते. शेवटच्या वर्षात ताई बदलली होती. राजाशी फार कठोर वागायची. मला बघवेना. डिसेंबरात त्यावरून आमचं वाजलं आणि बोलणंच बंद झालं. ती गेली तेव्हा आमचा अबोला होता, ठमे. दवाखान्यात पोचले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती. तू विचारत होतीस ना, मावशी तू खोलीबाहेर का उभी आहेस. म्हणून.

मावशी


१ मार्च

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग राग आला. तुझा नाही, कोणाचा ते कळेना.

आई आणि दादाशी कठोर? मी पाहिलेली आई त्याच्या शर्टाची बटणं लावायची, त्याच्या ताटातलं मोडून द्यायची, त्याच्या बुटाच्या नाड्या बांधायला गुडघे दुखत असतानाही खाली बसायची. तो पस्तिशीचा झाला तरी. मला लहानपणी वाटायचं, मीही थोडी कमी हुशार असते तर बरं झालं असतं. माझ्या नाड्या मी चौथ्या वर्षी बांधायला शिकले. "धाकटी किती शहाणी" म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं आणि त्यानंतर कोणी माझ्यासमोर खाली बसलं नाही.

बाबा गेले तेव्हा मी नववीत होते. स्मशानातून आल्यावर आईने मला जवळ घेतलं आणि माझ्या खांद्यावरून दादा कुठे आहे ते बघत राहिली. मला तिची नजर दिसली नाही, पण मान वळलेली कळली. तो गॅलरीत उभा होता. मी म्हटलं, जा तू, आणि ती गेली. त्या दिवसापासून आमचं असंच ठरून गेलं.

तेव्हा कठोर म्हणजे काय ते नीट सांग. काय करायची ती?

दादाला मे महिन्यात इकडे आणावं म्हणते. ह्यांना घर लहान वाटतंय, पण होईल काहीतरी. तोवर तुझ्यावरच भार.

आणि मावशी, एका कॉलरच्या कापडाबद्दल तू पानभर लिहितेस. दादाबद्दल एक ओळ लिहिलीस. "जेवतो, झोपतो, केंद्रात जातो." काय लपवते आहेस?

ठमी


१२ मार्च

ठमे,

पकडलंस. शिक्षिकेची लेक शेवटी.

राजा माझ्याकडे नाही. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी उठून बघते तर ह्याने पिशवी भरलेली. मी म्हटलं, कुठे? म्हणाला, घरी. मी म्हटलं, राजा, घरी कोणी नाही रे. तर म्हणाला, "मी आहे ना."

मी रडले, रागावले, दाराला कडी घालून स्टुलावर बसले. तो पिशवी मांडीवर घेऊन समोर बसला. रागावला नाही की रडला नाही. केंद्रात जायची वेळ झाली तेव्हा म्हणाला, "मावशी, उशीर होतोय." मी हात टेकले.

त्याच्या मागोमाग गेले. खिशातून किल्ली काढली, बरोबर कुलपात घातली. खिडक्या उघडल्या. अंडं उकडत ठेवलं आणि गॅससमोर हाताची घडी घालून उभा राहिला, पहारेकऱ्यासारखा. अंडं झाल्यावर बटण बंद केलं, वाकून पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. मग कपडे बदलून बसथांब्यावर. बस आली, चढला. मी आपली रस्त्याच्या पलीकडे तोंडात पदर... काय म्हणतात ते, पदर असता तर कोंबला असता, अशी उभी.

तेव्हापासून तो तिथे एकटा राहतो. संध्याकाळी मी काहीतरी निमित्त काढून जाते. कधी बटण शिवायचं, कधी भाजी द्यायची. त्याला ते आवडत नाही हे कळल्यावर आता खालच्या बाकावरच बसते. वर दिवा लागला की उठून घरी येते. तुला कळवलं असतं तर तू नोकरी टाकून धावत आली असतीस, म्हणून गप्प बसले. रागाव हवं तर.

आता ताईचं. मागच्या वर्षी ह्याच दिवसांत सुरू झालं ते सगळं. मी एका सकाळी गेले तर राजा शर्ट उघडा टाकून दाराशी उभा. बटणं लावायला आई येईना म्हणून. ताई खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. मी पुढे झाले तर म्हणाली, "हात लावू नकोस." तो कितीतरी वेळ तसाच. बस चुकली. शेवटी त्याने कशीबशी लावली, एक वर एक खाली. ताईने मान वर केली नाही. माझ्या तेव्हा लक्षात आलं की पेपर तिने उलटा धरलाय. मला वाटलं, झालं, म्हातारपण आलं, डोकं चालेनासं झालं.

मग बस. त्याला एकटा चढवून द्यायची आणि स्वतः मागच्या बसने जायची. एकदा तो भलत्याच थांब्यावर उतरला. ताई लांबून बघत उभी राहिली. तो रडवेला झाला, चार जणांना विचारलं, तेव्हा कुठे घरी पोचला. हे तिने मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना हसली. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही. पुढे पुढे संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसायला लागली. राजा घरी एकटा. मी विचारावं, काय खाणार तो? तर "करेल काहीतरी." तोंडाने असं म्हणायची आणि डोळे माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला चिकटलेले.

मध्ये एकदा कोट आत घ्यायला आणला. सैल झालाय म्हणाली. मी म्हटलं, बारीक होतेयस. म्हणाली, जिने चढते ना. दोन महिन्यांनी तोच कोट पुन्हा घेऊन आली.

डिसेंबरात राजाच्या हातावर भाजल्याचा डाग पाहिला आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, "आई आहेस की वैरीण?" ती उठली. म्हणाली, "तू तुझं शिवण बघ." तेच शेवटचं.

आता तो एकटा राहतो ते बघते आणि मला कळतं की हे सगळं तिनेच शिकवलंय. ते मान्य. पण एवढी घाई कसली होती तिला? घाईचं शिक्षण ते शिक्षणच नव्हे, असं म्हणणारी बाई ती.

मावशी


१८ मार्च

मावशी,

तुझं पत्र आल्यापासून मी कामावर गेलेले नाही.

मागच्या वर्षी ह्याच दिवसांत, असं तू लिहिलंस. बटणांची सकाळ ह्याच दिवसांतली. मला आठवतंय, कारण त्याच सुमारास एका रविवारी दुपारी आईचा फोन आला होता. मी इस्त्री करत होते. ती म्हणाली, "एक रिपोर्ट आहे, वाचून दाखवते. अर्थ सांग." असं ती कधी कधी विचारायची. केंद्रातले आईबाप काहीही कागद घेऊन तिच्याकडे यायचे ना.

तिने वाचला. इंग्रजी शब्द आले की एकेक अक्षर सुटं करून सांगायची, वर्गात सांगावं तसं. मी फोन खांद्यावर धरून कपडे इस्त्री करत ऐकत होते. तिचं वाचून झालं. मी म्हटलं, डॉक्टर काय म्हणाले त्यांना? ती म्हणाली, "डॉक्टर गोलगोल बोलतात. तू सरळ सांगशील म्हणून विचारते."

मी सरळ सांगितलं. मावशी, मी रोज असे कागद बघते. मी म्हटलं, यकृतापर्यंत पसरलंय, आता फारसं काही करता येणार नाही. तिने विचारलं, किती? मी म्हटलं, मी काही डॉक्टर नाही, पण वर्ष. त्याहून जास्त नाही. ती म्हणाली, बरं.

मी विचारलं, कोण आहे गं?

"केंद्रातल्या एका मुलाची आई."

आणि मी काय बोलले माहीत आहे? मी म्हटलं, "मग त्यांना सांग, आत्तापासून मुलाची सोय बघा. उद्यावर टाकू नका." ती म्हणाली, "सांगते." मग विचारलं, "तू जेवलीस का?" मी म्हटलं, हो, आणि आता ठेवते, कपडे पडलेत.

दवाखान्यात आपल्याला सांगितलं, हृदय बंद पडलं. आपण ते घेतलं आणि घरी आलो. मी आजवर समजत होते की आई अचानक गेली.

ती खोटं बोलली नाही, मावशी. केंद्रातल्या एका मुलाची आई. माझीही होती, तेवढं फक्त तिने सांगितलं नाही.

ठमी


२७ मार्च

ठमे, माझ्या बाळा,

तुझं पत्र वाचून मी मशीनवरचं काम तसंच टाकलं आणि केंद्रात गेले. तिथे आता ज्या बाई सगळं बघतात त्यांना म्हटलं, खरं काय ते सांगा, लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. त्यांनी दार लावून घेतलं. ताईने एकट्या त्यांना सांगितलं होतं, आणि तोंडाला कुलूप लावलं होतं.

डॉक्टरांनी औषधं सुचवली होती. दोन-चार महिने वाढले असते, पण अंथरुणात. ताई म्हणाली, "तेवढ्या दिवसांत मी त्याला गॅस शिकवते." इतकंच. मग त्या दोघींनी बसून ठरवलं. आधी बटणं, मग बस, मग किल्ली, मग चूल. सगळ्यात शेवटी एकटं राहणं. माझ्या घरी येऊन घड्याळाकडे बघत बसायची ना, तो त्याचा शेवटचा धडा होता. आणि तिचाही असणार. केंद्रातला एक वयस्क गृहस्थ आहे, राजासारखाच, त्याचेही आईबाप गेलेत. जूनपासून तो राजाकडे राहायला येणार. सकाळी केंद्रातलं कोणीतरी डोकावून जाणार. हे सगळं तिने ठरवून ठेवलंय आणि आपण तिचं पोर उघड्यावर पडलं म्हणून रडत बसलो होतो.

तुला का सांगितलं नाही, तेही मी विचारलं. त्या बाईंनीही ताईला तेच विचारलं होतं. ताई म्हणाली, "ती आली की त्याचं सगळं स्वतः करायला लागेल. लहानपणापासून तेच करत आलीय. माझ्यापाशी दोन मुलं होती आणि मी एकालाच लहान राहू दिलं. तिचं बालपण घेतलं, आता पुढचं आयुष्य मागणार नाही." मी शब्द बदललेला नाही. त्या बाईंकडून दोनदा वदवून घेतला, एवढ्यासाठी की कान माझे असे.

मला का सांगितलं नाही ते विचारलं नाही. मला माहीत आहे. मी पहिल्याच दिवशी बटणं लावायला धावले असते.

तो कोट आत घेताना मी तिच्या अंगावर टाचण्या लावत होते, ठमे. बोटांना फासळ्या लागत होत्या. चाळीस वर्षं मी लोकांची मापं घेतेय, कोण सुटलं नि कोण वाळलं ते नजरेने सांगते. तिला मी म्हटलं, हलू नकोस, शिवण वाकडी येईल.

तू इस्त्री करता करता बोललीस त्याचा विचार करत बसू नकोस. तिला सरळ ऐकायचं होतं, आणि सरळ बोलणारं माणूस तिच्या ओळखीत एकच होतं. तू गोलगोल बोलली असतीस तर तिने वर्ष वाट बघण्यात घालवलं असतं. ह्याहून जास्त शहाणपण माझ्यापाशी नाही.

सभेला ये. भाषणाचं राहू दे. नुसती ये.

मावशी


४ मे

मावशी,

तुझ्याकडून निघाले तेव्हा नीट बोलले नाही. स्टेशनवर गर्दी होती हे निमित्त.

सभेचं तू पाहिलंसच. पहिलीच्या वर्गातली ती बुटकी बाकं, आणि त्यांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली मोठी माणसं. माझ्या शेजारी तो बसचा ड्रायव्हर होता, केवढा धिप्पाड. म्हणाला, मी तीन वर्षं पहिलीतच होतो, तिसऱ्या वर्षी बाई म्हणाल्या, आता तू जा, मला जागा लागते. आणि रडायला लागला. मी तुझी खडूची गोष्ट वाचून दाखवणार होते. उभी राहिले आणि एवढंच बोलले, की आई घरी कमी असायची, ती कुठे असायची ते आज पाहिलं. मग खाली बसले. मोठ्या बाईंना ते भाषण फार तोकडं वाटलं असणार.

आता जे तुला सांगितलं नाही ते. माझ्या पर्समध्ये दादाचं तिकीट होतं. आईने सगळं ठरवून ठेवलंय हे कळल्यावरही मी ते काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला म्हटलं, चल माझ्याबरोबर. मोठं शहर आहे, खिडकीतून पूल दिसतो. तो म्हणाला, "उद्या काम आहे. खोकी पाठवायची आहेत." मी म्हटलं, परवा जाऊ. म्हणाला, परवाही आहेत.

मग त्याने मला अंडं उकडून दिलं. समोर बसून मी खाते की नाही ते बघत राहिला. विचारलं, "तुझ्याकडे कोण असतं?" मी म्हटलं, कोणी नाही. "मग जेवण कोण करतं?" मी म्हटलं, मीच. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "शाब्बास."

कोणी नाही हे खरं आहे, मावशी. ह्यांना घर लहान वाटतं असं मी लिहिलं होतं. हे मागच्या पावसाळ्यातच निघून गेले. भांडण नाही, तंटा नाही, दोघांनाही एकदम कळलं की आपण एकमेकांशी फक्त बिलांबद्दल बोलतो. आईला सांगितलं नाही. म्हटलं, तिला आधीच काय कमी काळज्या आहेत. ती तिकडे माझ्यापासून लपवत होती आणि मी इकडे तिच्यापासून. दोघी फोनवर एकमेकींना विचारत होतो, जेवलीस का.

दादाला इकडे आणते, त्याची सोय करते, असं मी तुला पुन्हा पुन्हा लिहिलं. ती माझी सोय होती. संध्याकाळी घरी आल्यावर कोणीतरी असावं, ज्याची बटणं लावावी लागतील.

गाडीत रात्रभर एकच विचार येत होता. त्याला तिने वर्षभर शिकवलं, तिच्याशिवाय कसं राहायचं ते. मला कोणी शिकवलं नाही. तिला वाटलं असणार, मला येतं.

ठमी


२० मे

ठमे,

नवऱ्याचं वाचलं. संशय होता. तीन वर्षांत त्याच्या मापाचं एकही कापड तू माझ्याकडे पाठवलं नव्हतंस. पण तू सांगेपर्यंत विचारायचं नाही असं ठरवलं होतं. आता सांगितलंस ते बरं केलंस. इथे एक खोली रिकामी आहे, तिच्यात कापडाचे गठ्ठे आहेत, ते मी हलवू शकते. जबरदस्ती नाही. मनात ठेव.

मलाही कोणी शिकवलेलं नाही, बाळा. मी तर तिच्याहून आठ वर्षांनी लहान. तिच्याशिवायचं जग मी कधी पाहिलंच नव्हतं. रोज काहीतरी तिला सांगायचं म्हणून मनात बाजूला ठेवते आणि मग ते तिथेच राहतं.

काल राजाकडे गेले होते. जूनमध्ये तो दुसरा गृहस्थ येणार, त्याच्यासाठी ताईची खाट रिकामी करायची होती. केंद्रातल्या बाईंनी राजाला तसं सांगितलंही होतं. मी चादर काढली, घडी केली. उशी उचलली तर राजा म्हणाला, "नको." आणि खाटेवर येऊन बसला. मीही बसले. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होईना. बराच वेळ आम्ही दोघं तेच ऐकत राहिलो.

मग तो म्हणाला, "मावशी, आई आता येणार नाही ना?"

मी म्हटलं, "नाही रे, राजा."

"शाळेतूनही नाही?"

"नाही."

त्याने उशीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मग तिची उशी मी घेऊ?"

मी म्हटलं, घे. त्याने ती माझ्या हातातून घेतली, तोंडाशी धरली आणि रडायला लागला. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मोठा माणूस आहे गं तो, खांदे केवढे रुंद, सगळी खाट हलत होती.

ताई असती तर पेपर धरून समोर बसली असती, त्याचं त्याला रडून होऊ दे म्हणून. मी काही ताई नाही. मी त्याला जवळ घेतलं.

मावशी